मदत हवी आहे : कात्रणाच्या सुताची चादर सरकारी निविदेत कशी बसवायची?

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. निविदा काल लागली आहे आणि हातात दिवस थोडे आहेत.

अक्कलकोट रोडला आमचे आठ माग आहेत. सासऱ्यांच्या काळापासून चादरीच विणतो. गेल्या दीड वर्षापासून बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, कात्रणाचे सूत घालतोय. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे किती आहेत ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या कटिंग टेबलाखालची कात्रण गोण्या भरभरून पानिपतला जाते. तिथे ती रंगवार निवडतात, फाडून तिचे पुन्हा तंतू करतात आणि ओपन एंडवर, म्हणजे आखूड तंतूही चालणाऱ्या कताई यंत्रावर, सूत काढतात. तेच सूत आम्ही परत आणतो. फाडताना तंतू आखूड होतो, त्यामुळे सूत जाडच निघते. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, लावून पाहिले, तर मागावर सारखे तुटायला लागले. म्हणून ताणा नव्या कापसाचा दुहेरी आणि बाणा कात्रणाचा, असे बसवले. वजनाने साठ टक्के कात्रण पडते. आमच्या घरात याच चादरी आहेत, दीड वर्ष धुतोय, काही झालेले नाही.

आणि सूत रंगीतच येते, रंगणीला टाकावे लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही केवढी मोठी गोष्ट आहे!

तर अडचण अशी. एका सरकारी वसतिगृहासाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ४०० चादरींची निविदा आहे. माप बसते, वजन बसते, दरही आम्हाला परवडतो. पण तपशिलात एक ओळ आहे, ‘धागा : १०० टक्के नवीन सुती’. तिथे आम्ही दोनदा अडकतो. कात्रण म्हणजे नवीन नाही, आणि युनिफॉर्मच्या कापडात पॉलिस्टर असतेच, म्हणजे शुद्ध सुतीही नाही.

बाजारातले एक-दोघे म्हणाले, नवीन म्हणून लिहून टाका, कोण उसवून बघतंय. ते मला करायचे नाही. मुलांच्या अंगावर जाणारी वस्तू आहे. शिवाय कात्रण लपवूनच विकायची असेल तर हा सगळा खटाटोप कशाला केला?

ती ओळ बदलून घेता येते का? कोणाकडे अर्ज करायचा? कात्रणाचे प्रमाण कागदावर सिद्ध कसे करायचे? उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माझ्या नावाने आहे, उत्पादक म्हणून. त्याचा इथे काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १

ताई, भांडार विभागात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून सांगतो. फोन करत बसू नका. जेमवर विक्रेता म्हणून लॉगिन केलेत की त्या निविदेच्या पानावर ‘रिप्रेझेंटेशन’ची खिडकी असते. निविदा लागल्यापासून चार दिवसांत तिथेच हरकत नोंदवा. खरेदीदाराला प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावेच लागते, त्याशिवाय त्याला बोली उघडता येत नाही. तुमचा एक दिवस गेलाच आहे.

हरकत लिहिताना ‘आमचा माल घ्या’ असे लिहू नका. चादर किती वजनाची हवी, ताकद किती हवी, रंग किती धुण्यांना टिकायला हवा, हे मागा, पण सूत कुठून आले याची अट काढा, असे मागणे करा. अमेरिकेने १९७६ च्या कचरा आणि पुनर्वापराबद्दलच्या कायद्यात (आरसीआरए), कलम ६००२ मध्ये, सरकारी कार्यालयांना नेमके हेच सांगितले होते : तपशिलातून पुनर्प्राप्त, म्हणजे टाकाऊतून परत मिळवलेला, माल वगळणारी अट आणि ‘नव्याच मालाचे हवे’ ही अट, दोन्ही काढा. वाजवी दरात किंवा वेळेत मिळत नसेल किंवा कामाला उतरत नसेल तरच सूट. मागणी वेडगळ नाही हे दाखवायला त्याचा एक ओळीत उल्लेख करा.

उद्यमचे म्हणाल तर उत्पादक सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रक्कम माफ असते. २०१२ च्या केंद्राच्या धोरणात सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत तुमचा दर असेल तर त्या दराला उतरून काही पुरवठा मिळवण्याची संधीही आहे. महिला उद्योजकांसाठी ३ टक्क्यांचे उद्दिष्ट त्यातच. पण हे धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आणि केंद्राच्या सरकारी कंपन्यांसाठी आहे. खरेदीदार राज्याचा असेल तर त्याने या निविदेत ‘एमएसई प्राधान्य’ (सूक्ष्म-लघु उद्योगांना प्राधान्य) चालू ठेवले आहे का, अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीतून सूट दिली आहे का, हे निविदेच्या पहिल्याच पानांवर ‘येस’ किंवा ‘नो’ लिहिलेले असते. आधी ते बघा.

प्रतिसाद २

सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, तेवढ्यापुरते बोलतो. प्रयोगशाळा तुम्हाला सुती किती, पॉलिस्टर किती, वजन आणि ताकद किती हे सांगेल. पण कापसाचा तंतू नवीन की जुना, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. ते कागदावरच सिद्ध होते, म्हणजे गोणीपासून चादरीपर्यंत मालाचा माग दाखवावा लागतो. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, म्हणजे जीआरएस, त्यासाठीच आहे. त्यात निदान २० टक्के पुनर्प्रक्रियेचा माल लागतो, आणि ग्राहकाला दिसेल असे चिन्ह लावायला ५० टक्के. तुमचे साठ म्हणजे त्यात बसता. गिरणीकडे ते असेल तर तिचे प्रमाणपत्र मागा. पण चिन्ह तुमच्या चादरीवर हवे असेल तर तुमचा कारखानाही प्रमाणित करून घ्यावा लागेल, आणि आठ मागांना तो खर्च जड आहे. या ४०० चादरींसाठी एवढ्यात उतरू नका.

पॉलिस्टरचे मात्र लपवू नका. चाचणी करून घ्या आणि आकडा हरकतीतच लिहा.

धागाकर्ती

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. पहिल्या पानावर एमएसई प्राधान्य ‘येस’ आहे, अनुभवाच्या अटीपुढे मात्र ‘नो’. हरकत आज रात्री टाकतेय, वजन-ताकद-रंग याच क्रमाने. चादरीचा तुकडा उद्या चाचणीला पाठवते. पानिपतच्या गिरणीला प्रमाणपत्राबद्दल विचारले, म्हणाले उद्या सांगतो.

एकच राहिले. ‘सुती’ऐवजी ‘सुती-मिश्र, पॉलिस्टर अमुक टक्क्यांपर्यंत’ असे वसतिगृहाच्या चादरीसाठी कोणी कधी मंजूर करून घेतले आहे का? त्या निविदेतले नेमके शब्द मिळाले तर हरकतीत तसेच वापरीन.