नंदादेवीचं दार पुन्हा उघडावं का?

रानवाट
नंदादेवी, उत्तराखंड. ७,८१६ मीटर. पूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर. १९८२ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतल्या खोऱ्यातून शिखरावर जाणाऱ्या मोहिमा थांबल्या. माझं मत: वर्षाला दोन-तीन लहान तुकड्या सोडाव्यात. उद्यानालगतच्या लाता गावात एका आजोबांच्या घरी भिंतीला बर्फाची कुऱ्हाड टांगलेली पाहिली. लाकडी दांडा, हाताच्या घामानं काळा पडलेला. मोहिमांची ओझी वाहून त्यांचं घर चालायचं. बंदी आली आणि हमालीही गेली, धरांशीची चराईची कुरणंही गेली.

देवदार
आजोबांबद्दल वाईट वाटतं. पण दार का लावावं लागलं, तेही सांगा ना दादा. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक ऋषिगंगेच्या घळीतून पहिल्यांदा आत पोचले, १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल यांनी शिखर गाठलं. पुढची कित्येक वर्षं आत जाणारे मोजकेच होते. १९७४ मध्ये परदेशी मोहिमांना परवानगी मिळाली आणि आठ वर्षांत खोऱ्याची रया गेली. सरपणासाठी ज्युनिपरची झुडपं तोडली, तळांवर डब्यांचे ढीग साचले. १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांच्या तुकडीनं आत जाऊन त्यातला कचरा बाहेर काढला. त्या उंचीवर ज्युनिपरचं खोड मनगटाएवढं व्हायलाही कैक वर्षं जातात, आणि चहाच्या एका आधणाला ते पुरतं. भरल (रानमेंढ्या) आणि कस्तुरीमृग तिथं निवांत आहेत. त्यांना तसंच राहू द्या.

रानवाट
ताई, आता रॉकेल-गॅस नेतात, लाकूड कोण तोडतंय? आणि जंगल राखलं कोणी? त्याच खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या रेणी गावात मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायका झाडं वाचवायला त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या, तेच चिपको आंदोलन. पुढे त्याच पंचक्रोशीतल्या लोकांना जंगलात पाऊल टाकायची बंदी. १९९८ मध्ये लाताची माणसं 'झपटो छीनो' (झडप घाला, हिसकावून घ्या) म्हणत उद्यानात शिरली, ती काय हौस म्हणून?

देवदार
हा मुद्दा मान्य, मनापासून. मग चराईचा आणि जडीबुटीचा हक्क त्यांना द्या. शिखर कशाला मध्ये आणता? ओझी वाहणं हा काही गावाचा हक्क नाही, ती मजुरी आहे.

हिमकण
१९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला भारत-अमेरिकेच्या गुप्तचर मोहिमेनं प्लुटोनियमवर चालणारं उपकरण डोंगरावर नेलं. हवामान बिघडलं म्हणून ते वरच ठेवलं, पुढच्या वर्षी जागेवर नव्हतं. ते अजून सापडलेलं नाही. दार बंद ठेवायला एवढं कारण मला पुरेसं आहे.

सावली
गढवालात नंदा ही लेक मानतात. दर बारा वर्षांनी निघणारी राजजात यात्रा म्हणजे तिची सासरी पाठवणी. निरोपाला बायका खरंच रडतात. लेकीच्या घराच्या छपरावर बूट घालून चढायचं का, हे आधी त्या बायकांना विचारा. त्यांचं उत्तर 'हो' आलं तर मीही विरोध करणार नाही.

रानवाट
सावलीताई, हे पटलं. परवानगीचा कागद ग्रामसभेतून निघावा, तुकड्या किती तेही गावानं ठरवावं. देवदारताई, गावानं नकार दिला तर मी गप्प बसेन. होकार दिला तर तुम्ही?

देवदार
तरी विरोध करेन. ज्युनिपरला ग्रामसभेत मत नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा रेणीनं काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या डोंगरांवर आणखी भार नको.