शब्दचर्चा : ‘सहृदय’ म्हणजे दयाळू का?

आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात काश्मीरचे साहित्यशास्त्रज्ञ आणि दार्शनिक अभिनवगुप्त यांच्यावर व्याख्यान आहे. पत्रिकेचा मजकूर मी लिहून दिला होता, ‘सर्व सहृदय श्रोत्यांना आग्रहाचे निमंत्रण’. छापून आलेल्या नमुन्यात ‘सह्रदयी श्रोत्यांना’ असे होते. दुरुस्ती सांगायला गेलो तेव्हा संगणकावर बसलेल्या मुलाने विचारले, “काका, सहृदय म्हणजे दयाळू ना? मग श्रोत्यांना कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून इथे मांडतो.

आधी लेखनाचे उरकून घेऊ. शब्द ‘स + हृदय’ असा आहे. मुळातच विशेषण असल्यामुळे मागे ‘ई’ जोडायचे कारण नाही. ‘सहृदयी’ म्हणू नये. भाववाचक नाम ‘सहृदयता’. आणि ‘हृ’ म्हणजे ‘ह’ला ऋकार. ‘ह्र’ हे जोडाक्षर ‘ह्रस्व’, ‘ह्रास’ यांतले, ते हृदयाच्या वाटेला जात नाही.

आता अर्थ. आज वर्तमानपत्रांत ‘सहृदय अधिकारी’, ‘सहृदय डॉक्टर’ असे वाचतो. तिथे कनवाळू, मायाळू एवढेच म्हणायचे असते. हा अर्थ रूढ आहे आणि तो चूक आहे असे मी म्हणत नाही. पण दयाळूपणासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. ‘सहृदय’ ज्या एका गोष्टीसाठी घडवला गेला, तिला मात्र दुसरा नेमका शब्द नाही.

साहित्यशास्त्रात हा शब्द अभिनवगुप्तांच्या आधीपासून आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोक’ हा काव्यातल्या ध्वनीवरचा, म्हणजे सूचित अर्थावरचा, ग्रंथ लिहिला तो ‘सहृदयमनःप्रीतये’, सहृदयांच्या मनाला आनंद व्हावा म्हणून. शंभरेक वर्षांनी त्याच काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी त्यावर ‘लोचन’ ही टीका लिहिली आणि तिथे सहृदय कोण ते सांगितले:

‘येषां काव्यानुशीलनाभ्यासवशाद् विशदीभूते मनोमुकुरे वर्णनीयतन्मयीभवनयोग्यता ते स्वहृदयसंवादभाजः सहृदयाः।’

काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्यात आली आहे आणि ज्यांच्या हृदयात त्याला साद मिळते, ते सहृदय. यातला ‘मनोमुकुर’ मला फार मोलाचा वाटतो. मुकुर म्हणजे आरसा. तो उपजत लखलखीत नसतो. अनुशीलन म्हणजे पुन्हा पुन्हा त्या वस्तूपाशी जाणे. सहृदयता कमवावी लागते.

‘लोचन’च्या मंगलश्लोकात तर सरस्वतीचे तत्त्व ‘कविसहृदयाख्य’ म्हटले आहे. कवी आणि सहृदय दोघे मिळून ते एक तत्त्व. ऐकणाऱ्याला इतका मान देणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

प्रतिसाद : मग ‘रसिक’ का नको? नाट्यगृहात ‘रसिकहो’ म्हणतोच की आपण.

उत्तर : ‘रसिक’ चालतो, पण त्यात आवडीवर भर आहे. ‘दर्दी’मध्ये ओढ आहे, ‘जाणकार’मध्ये माहिती. राग ओळखणारा जाणकार सहृदय असेलच असे नाही. शिवाय ‘सहृदय’मधले हृदय अभिनवगुप्तांसाठी नुसते भावनांचे घर नाही. ते प्रत्यभिज्ञा परंपरेतले, म्हणजे स्वतःतले शिवत्व ओळखा असे सांगणाऱ्या परंपरेतले, शैव दार्शनिक. त्यांच्या परमगुरूंनी (गुरूंच्या गुरूंनी), म्हणजे उत्पलदेवांनी, चैतन्याच्या स्फुरणाला, ‘स्फुरत्ते’ला, परमेश्वराचे हृदय म्हटले आहे. हेच हृदय मनात धरून ‘तंत्रालोक’ या आपल्या शैव ग्रंथाच्या तिसऱ्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, अभिनवगुप्त सांगतात की मधुर गीत ऐकताना किंवा चंदनाचा स्पर्श होताना माणसाची तटस्थता गळून पडते आणि हृदयात जे स्पंदन होते, तीच आनंदशक्ती. तिच्यामुळेच माणसाला ‘सहृदय’ म्हणायचे. साहित्यशास्त्र आणि शैवदर्शन यांची या एका शब्दात गाठ पडते. आपण फक्त दया ठेवली आणि स्पंद सोडून दिला, याचे मला खरोखर वाईट वाटते.

प्रतिसाद : नाटक बघताना मला हमखास रडू येते. मी सहृदय का?

उत्तर : रडण्यावरून ठरत नाही. ‘अभिनवभारती’त, म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या अभिनवगुप्तांच्या टीकेत, रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. मी हे अनुभवले आहे. वडील गेले त्या वर्षी एक नाटक पाहिले. त्यात एक म्हातारा उशाशी चाचपत चष्म्याची डबी शोधतो. तेवढे पाहिले आणि पुढचा अंक मला दिसलाच नाही, डोळ्यांसमोर आमच्या घरातली डबी. खूप रडलो, पण नाटकासाठी नव्हे. दोन वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा पाहिला. डबी सापडल्यावर तो नट ती उघडत नाही, नुसती मुठीत धरून बसतो, हे तेव्हा प्रथम दिसले. ते दुःख माझे नव्हते, त्या नटाचेही नव्हते, आणि तरी आतून हलवून गेले.

अभिनवगुप्तांनी यासाठी ‘शाकुंतला’तले हरिण घेतले आहे. मान वळवून मागच्या रथाकडे बघत धावणारे. ते वाचताना ‘मी घाबरलो’ असे वाटत नाही, ‘ते घाबरले आहे’ असे दुरूनही वाटत नाही. उरते ते निखळ भय, स्थळकाळाच्या पलीकडचे. तिथे भयानक रस. भाव असा कोणा एकाचा न राहता सर्वांचा होणे म्हणजे ‘साधारणीकरण’. ही संज्ञा अभिनवगुप्तांच्या आधीच्या भट्टनायकांची. तिची अशी उकल अभिनवगुप्तांनी केली.

प्रतिसाद : शब्द काश्मीरचा असला तरी ती जाण आपल्याकडेही आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात पाहा:

‘जैसें शारदियेचे चंद्रकळे- । माजि अमृतकण कोंवळे । ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगें ॥ तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥’

उत्तर : वा! चकोराची पिल्ले! यापुढे कोणी अर्थ विचारला तर या ओव्याच सांगेन. ‘हळुवारपण चित्ता आणूनियां’ हे ‘विशद मनोमुकुरा’च्या किती जवळ आहे. अभिनवगुप्तांचे नाव महाराष्ट्रात तेव्हा अनोळखी नव्हते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होते. त्यांचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. ‘संगीतरत्नाकरा’च्या आरंभी भरताचे भाष्यकार मोजताना शार्ङ्गदेव लोल्लट, उद्भट, शंकुक यांच्याबरोबर ‘भट्टाभिनवगुप्त’ असे नाव घेतात.

वापराबद्दल माझे मत असे : ‘सहृदय वाचक’, ‘सहृदय श्रोता’, ‘सहृदय समीक्षक’ हे प्रयोग जपून ठेवावेत. मदत करणाऱ्याला ‘कनवाळू’ म्हणावे, ‘मायाळू’ म्हणावे, ‘कळवळ्याचा’ म्हणावे. आणि ‘सुहृद’ची गल्लत करू नये, तो स्नेही.

पत्रिका दुरुस्त करून आली. ‘सहृदय श्रोत्यांना’ तसेच ठेवले आहे. छपाईवाल्या त्या मुलालाही एक प्रत देऊन आलो. व्याख्यानाला येतो म्हणाला.