परड्यात, कुंडीत, गच्चीवर : यंदा तुमच्यात काय फुललं? (अनुभव धागा)

टिळकवाडी, बेळगाव

काल पहाटे दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलो आणि मोगऱ्याचा वास आला, म्हणून हा धागा. तुमच्यात काय फुलालंय, काय रुसून बसलंय, सगळं लिवा.

माझंच आधी सांगतो. (पुण्याची जाऊ माझं "सांगतो, करतो" ऐकून हसती, हसूदे.) भिंतीकडेला जमिनीत लावलेला मोगरा, तीन वर्षं एक फूल नाही. पानं मात्र अशी हिरवीगार की येणारी-जाणारी विचारायची, काय घालतीस गं ह्याला? घालत होतो काय, दोन टाइम पाणी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, व्हिडिओत दिसेल ते. शेवटी संक्रांतीला शहापूरच्या मावससासूबाई आल्या, झाड बघितल्या आणि म्हणाल्या, "ह्याला उपाशी ठेव की जरा, लाडावलंय ते." पाणी तोडलो. पंधरा दिवसांत पानं मलूल झाली, माझा जीव खालीवर. मग त्याच परत आल्या, कात्री घेतल्या आणि कमरेएवढं झाड गुडघ्याच्या खाली आणून ठेवल्या, उरलीसुरली पानंपण हातानं ओरबाडल्या. नुसत्या काड्या! मला रडूच यायचं बाकी होतं. मग मुळाभोवतीची माती हलवून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि त्यानंतर पोटभर पाणी. फेब्रुवारी संपताना पेरापेरातनं लालसर कोंब आणि कोंबाच्या टोकाला तीन-तीन कळ्या, मधली मोठी आणि दोन बाजूला धाकट्या. मोगरा नव्या फुटीवर फुलतोय, जुनी काडी नुसती जपून काय उपयोग नाही, हे तीन वर्षांनी कळालं.

वडगाव

आक्का, हे ताणाचं, म्हणजे पाणी तोडायचं, कुंडीतल्या मोगऱ्याला कुणी करू नका हं. मी केलो. आमच्यात खाली काळी माती, ती ओल धरती, म्हणून जमिनीतलं झाड पंधरा दिवस काढतंय. गच्चीवरची कुंडी आठव्या दिवशी वाळून काटकी झाली. कुंडीला पाणी कमी करायचं, बंद नाही.

अनगोळ

आमच्यात माकडं फुलल्यात. जास्वंदीची उमललेली फुलं सोडतात आणि उद्या उमलणारी कळी बरोबर वेचून खातात. दारात तीन झाडं असून गणपतीला फूल बाजारातनं आणालोय.

अथणी

बेळगावकरांचं बरं आहे हो, 750 मीटरवर बसून मोगरा-बिगरा करताय. इकडं मार्चपासनंच ऊन डोक्यावर आणि बोरचं पाणी खारट, गुलाबाच्या पानांच्या कडा जळून जातात. तीन गुलाब, एक अनंत, दोन शेवंती असं सगळं मातीत घालून झाल्यावर बायकोनं फाटकावर बोगनवेल चढवली, तिला मी नियमानं पाणी घालायचो आणि ती नियमानं पानंच वाढवायची. गेल्या वर्षी मुलाकडं हुबळीला दीड महिना राहिलो, पाणी घालायला कुणी नाही, परत आलो तर रिक्षावालाच म्हणतो, काका तुमचं घर ते गुलाबी फाटकाचं काय? एक पान दिसत नव्हतं. म्हणजे पानंच होती म्हणा, आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात, खरं फूल म्हणजे मधली ती बारकी पांढरट नळी. नातवंडाला उसवून दाखवली तर म्हणतो, आजोबा हे तर फसवणूक आहे.

आता पाणी बघूनच घालतो.

चिकोडी

फूल म्हटलं की सगळे मोगरा, गुलाब. आमच्या दारातल्या कडुनिंबाला कुणी फुलझाड म्हणतच नाही, खरं चैत्रात त्याच्याएवढं गोड वासाचं कायपण नसतं, रात्री अंगणात बाज टाकली की कळतंय. 2024 ला पाडवा 9 एप्रिलला होता तेव्हा झाडाखाली पांढरा सडा. शेजारच्या कन्नड अज्जी बेवु-बेल्ल (कडुनिंब-गूळ) करायला दरवर्षी आमच्यातनंच फुलोरा नेतात, त्यांची युगादी, आमचा पाडवा, दिवस एकच आणि झाडपण एकच. 2025 ला पाडवा 30 मार्चला आला आणि झाडावर तांदळाच्या कणीएवढ्या नुसत्या कळ्या. अज्जी वर बघून म्हणाल्या, "ई वर्ष हू बंदिल्ल री." (यंदा फूल आलं नाही हो.) मग त्यांनी कोवळी पानं नेली, आम्हीपण गुळात पानंच वाटली आणि पोरांनी तोंडं अशी केली की विचारू नका, फुलोरा पानाएवढा कडू लागत नाही ना.

निपाणी

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारकी कीड) आला असेल तर आमच्या गावात औषध दुकानात जायला लागत नाही. वखारीतला तंबाखूचा चुरा मूठभर, रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून चांगलं पातळ करून थोडा साबण. हातात मोजे घाला, पोरं-मांजरं लांब ठेवा, ते विषच आहे. आणि टोमॅटो-मिरचीवर चुकूनपण मारू नका, तंबाखूतला मोझॅक रोग (पानांवर फिकट-गडद हिरवे डाग पडतात तो) त्यांना लागतो. माझे टोमॅटो गेले असेच. गुलाब मात्र झकास.

हिंडलगा

आमच्या मधुमालतीचा हिशोब धाकटी ठेवती. संध्याकाळी उमलताना पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. तिच्या भाषेत "आजचं, कालचं, परवाचं". एका घोसात तिन्ही दिवस दिसतात. पाहुणे आले की हात धरून न्यायची आणि परीक्षा घ्यायची.

टिळकवाडी

तिला एक फांदी माझ्यासाठी राखून ठेवायला सांगा!

मोगऱ्याचं एक राहिलं. दुसऱ्या बहरात काही कळ्या उमलायच्या आधीच जांभळट पडालेत, बोटानं दाबलं तर आत पोकळ, एक बारकी अळी आणि भुसा. कळी पोखरणारी अळीच ती. तसल्या कळ्या रोज सकाळी वेचून जाळालोय, खाली टाकलं तर मातीतनं परत येती म्हणे. मावससासूबाईंना फोन केलो तर म्हणतात, "तिलापण वास आवडलाय, आपण काय करायचं."

वडगाव

परत मीच. फुटबॉल लिली कुणाकडं आहे का? दिवाळीनंतर तिची पानं गळतात आणि कुंडी मोकळी दिसते, तर आमच्या सासूबाईंनी त्यात कोथिंबीर टाकली. मे महिन्यात पहिला वळीव झाला, चौथ्या दिवशी कोथिंबिरीच्या मधनं जाड दांडा आणि त्यावर लालभडक चेंडू, शंभराच्या वर बारीक फुलं असतील त्यात. सासूबाई आठवडाभर आमटीत कोथिंबीर घातल्या नाहीत, म्हणाल्या फुलाला धक्का लागतोय.

खानापूर

आमची तांबडी माती, त्यात लाड काय करायचे नसतात. कुंपणाला अंजनी आहे, कुणी लावली नाही, मार्चमध्ये काडीला चिकटून निळी-जांभळी होती आणि आठ-दहा दिवसांत संपती. दारात पांढरा चाफा. थंडीत सगळी पानं टाकून भुताच्या हातासारखा उभा असतो, नवीन सून आली तेव्हा म्हणाली झाड मेलंय, तोडूया. आता त्या बोडक्या फांद्यांच्या टोकाला गुच्छच्या गुच्छ आलेत, तीच रोज परडी भरून देवळात पाठवती. कुणाला फांदी पाहिजे असेल तर सांगा.

अथणी

मला द्या हो एक, खाऱ्या पाण्यावर जगेल काय? पुढच्या शनिवारी बेळगावला येणार आहे, स्टँडवर कुणाकडं तरी ठेवा.

खानापूर

काका, पाण्याचं माहीत नाही, खरं चाफा चिवट आहे, बघा लावून. हातभर फांदी देतो, पेपरात गुंडाळून. प्लास्टिकात कोंबू नका, चीक गळत असतोय. घरी गेल्या-गेल्या लावू नका, आठवडाभर सावलीत नुसती पडूदे, कापलेलं तोंड वाळलं की मगच मातीत. आणि पाणी...

अथणी

कळालं, कळालं. बघूनच घालतो.