मदत हवी आहे: राज्याच्या टेंडरात बचतगटाला अनामत माफ होते का?
गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आमचा महिला बचतगट कापडी पिशव्या शिवतो. उद्यम नोंदणी (केंद्राची लघुउद्योगांसाठीची नोंदणी) उत्पादक म्हणून आहे, व्यापारी म्हणून नाही. राज्याच्या एका खात्याच्या टेंडरात अनामत रक्कम आणि तीन वर्षांची उलाढाल मागितलीय. (प्लास्टिकला पर्याय हवा म्हणतात, अटी मात्र बड्या पुरवठादाराच्या!)

2012 च्या केंद्रीय आदेशात सूक्ष्म-लघु उद्योगांना अनामत माफ आहे, 25 टक्के खरेदीही त्यांच्याकडून, त्यातली 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण तो केंद्राची खाती आणि केंद्रीय उपक्रमांपुरता. खात्यात विचारलं, तर 'टेंडरात लिहिलंय तेच' एवढंच उत्तर. जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर) आम्ही आहोत, हे टेंडर तिथं नाही. ठेकेदाराच्या नावावर भरायचं नाही.

प्री-बिड बैठक (टेंडर भरण्याआधी खातं शंका ऐकतं ती) व्हायचीय. तिथं लेखी मागणीत गोवा सरकारचा नेमका कुठला नियम किंवा परिपत्रक दाखवायचं? आणि उलाढालीची अट कुणाला शिथिल करून मिळालीय का, कशाच्या आधारावर?