मदत हवी आहे: बेसबॉलच्या जुन्या विनोदी सिनेमाचं नाव (तातडीचं)

घाईत_आहे
नमस्कार. बेसबॉलवरचा एक जुना इंग्रजी सिनेमा आहे. विनोदी, थोडी जादूबिदू. नाव हवंय. गूगल करून झालं, तेच तेच येतंय. शनिवारी मंडळातली मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा आमच्याकडे जमणार आहेत. प्रोजेक्टर ठरला, समोसे ठरले, सिनेमाचंच अडलंय. आज रात्रीपर्यंत सांगा. आणि कृपया 'लगान लावा' म्हणू नका.

सुलूमावशी
'एंजल्स इन द आउटफिल्ड'. डोळे मिटून लाव. हरणाऱ्या टीमला देवदूत येऊन जिंकवतात.

पिट्सबर्गकर
मावशी, कुठला? १९५१चा की १९९४चा? खरा तो १९५१चाच. आमची पायरेट्स टीम, आमचं जुनं मैदान फोर्ब्स फील्ड. देवदूत एका अनाथ मुलीला दिसतात, आपल्याला एकदाही नाही, आणि तीच त्यातली गंमत. टीमचा मॅनेजर पॉल डग्लस तोंडाचा इतका फाटका की त्याच्या शिव्यांच्या जागी नुसता गडबडगुंडा आवाज ऐकू येतो. १९९४मध्ये देवदूत चक्क दाखवलेत, मग उरलं काय?

सुलूमावशी
माझ्या नातवंडांना १९९४चाच आवडतो. त्यात डॅनी ग्लोव्हर आहे.

घाईत_आहे
देवदूत नाहीत हो!! तसं असतं तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.

टवाळखोर
मग सैतान असेल. 'डॅम यँकीज', १९५८. वॉशिंग्टन सेनेटर्सचा एक उतारवयातला चाहता सैतानाला आत्मा विकतो आणि तरुण खेळाडू होतो. ग्वेन व्हर्डनची नाचगाणी आहेत. आजोबा लोक खूश होतील, आज्यांचं माहीत नाही.

घाईत_आहे
सैतान नाही, गाणी नाहीत. ब्लॅक अँड व्हाइट.

अण्णा_नाशिक
ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पिचर म्हणजे आपला बोलर, पण चेंडूचा टप्पा पडू द्यायचा नाही. मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडला की एक स्ट्राइक; तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. तीन बाद झाले की बाजू बदलते. असे नऊ डाव.

टवाळखोर
अण्णा, हे विचारलं कुणी?

मृण्मयी
@घाईत_आहे, अहो, गोष्ट काय आहे ते सांगा ना. रंग सांगितलात, काय नाही ते सांगितलंत. जादू कोण करतं?

घाईत_आहे
जादू म्हणजे तो प्रोफेसर. चेंडूला काहीतरी लावतो आणि चेंडू बॅटला लागतच नाही, बाजूनं उडी मारून जातो. अर्धाच बघितला होता टीव्हीवर.

मृण्मयी
मग हे आधी सांगायचं होतं! 'इट हॅपन्स एव्हरी स्प्रिंग', १९४९, रे मिलँड. रसायनशास्त्राचा प्राध्यापक लाकडापासून किडे दूर ठेवणारं औषध शोधत असतो. खिडकीतून बेसबॉलचा चेंडू येतो, सगळी काचेची भांडी फुटतात, आणि सांडलेल्या मिश्रणातून लाकडालाच टाळणारा द्रव तयार होतो. पुन्हा करता येत नाही, कारण कशात काय मिसळलं कुणाला ठाऊक. लग्नाला पैसे हवेत म्हणून गडी सेंट लुइसच्या टीमकडून पिचिंग करायला जातो, ग्लोव्हमध्ये ओलं फडकं लपवून. त्याच्या खोलीत राहणारा कॅचर (म्हणजे आपला विकेटकीपर) ते औषध केसांचं टॉनिक समजून डोक्याला लावतो, तो प्रसंग आठवतोय का? लाकडी ब्रश जवळ आला की केस पळतात.

घाईत_आहे
हाच!!! ब्रशवाला! धन्यवाद.

पिट्सबर्गकर
आणि तो कॅचर कोण? पॉल डग्लस. म्हणून म्हणत होतो, माझा सिनेमा बघा.

मिशिगनचा_माधव
अवांतर: प्रोफेसरवाल्या सिनेमाची मूळ कथा शर्ली स्मिथ यांची. नावावर जाऊ नका, पुरुष आहेत. आमच्या मिशिगन विद्यापीठात मोठे अधिकारी होते. या कथेला ऑस्करचं नामांकन होतं.

टवाळखोर
म्हणजे बॉल टॅम्परिंगच की. २०१८ला केपटाऊनमध्ये सँडपेपर निघाला तर केवढा गहजब झाला!

मिशिगनचा_माधव
बेसबॉलमध्ये थुंकी लावून चेंडू टाकणं १९२०मध्ये बंद झालं. पण जे आधीपासून टाकत होते त्यातल्या काहींना निवृत्तीपर्यंत सूट दिली. शेवटचा बर्ली ग्राइम्स, १९३४पर्यंत खेळला. नियम करतानाच पळवाट ठेवायची पद्धत तिकडेही आहे.

सुलूमावशी
थांबा. म्हणजे हा प्रोफेसर फसवणूक करून जिंकतो आणि हे मुलांना दाखवायचं? शेवटी पकडला तरी जातो का?

मृण्मयी
नाही, मावशी. द्रव संपतो, शेवटचा चेंडू उघड्या हातानं झेलतो, हात मोडतो, पण मॅच जिंकतात. वर विद्यापीठात संशोधनाची मोठी नोकरी मिळते.

सुलूमावशी
घ्या! चोरी करून वर बढती. त्यापेक्षा माझे देवदूत बरे.

पिट्सबर्गकर
देवदूतांनी मदत केली तर ती फसवणूक नाही वाटतं?

सुलूमावशी
ती कृपा.

घाईत_आहे
तुमचं चालू द्या. आजी-आजोबांसाठी सबटायटल्स लागतील, ती कुठे मिळतील? आणि सव्वा तासात आटपतो का? जेवण आठला आहे.

मृण्मयी
नाही, दीड तासाच्या आसपास जाईल. समोसे आधी द्या.

राजाभाऊ_पुणे
धागा उशिरा पाहिला. माझा मुलगा डावखुरा आहे, त्याला बेसबॉल शिकायचंय. ग्लोव्ह कुठल्या हाताचा घ्यावा?

अण्णा_नाशिक
उजव्या. डाव्यानं फेकायचंय ना त्याला! आता बघा, मला विचारणारा कुणीतरी भेटला.