मदत हवी आहे: पोर्ट्रेटमध्ये स्किन रिटच नक्की किती करायचं?

मंडळी, पोर्ट्रेट करणाऱ्या आणि रिटचिंगमध्ये हात बसलेल्या लोकांकडून सल्ला हवाय. लिहिणं जरा लांबलंय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही तशीच येतील म्हणून सगळं सांगते.

एका नवीन मॉडेलचं पोर्टफोलिओ शूट केलं. पैशांचा व्यवहार नाही, मॉडेल, मेकअप आर्टिस्ट आणि मी, तिघींनी फोटो आपापल्या पोर्टफोलिओत वापरायचे असं आधीच ठरलेलं. मुलीचा चेहरा फार बोलका आहे. गालांवर पिंपल्सचे जुने खड्डे आहेत, समोर बसून बोलताना लक्षातही येत नाहीत, पण ८५ एमएमची शार्प लेन्स, एफ ८ आणि ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हटल्यावर लपणार काय. एक सेट मोठ्या सॉफ्टबॉक्सवर आहे, त्यात सगळं मवाळ आलंय. दुसऱ्या सेटला बाजूने हार्ड लाइट होता, तिची जॉ-लाइन त्यात जी काही आलीये ती मला कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाहीये, पण त्याच लाइटमध्ये गालाचा प्रत्येक खड्डा उठून दिसतोय. शिवाय हनुवटीवर दोन ताजे पिंपल्स आणि ओठाच्या वर एक तीळ.

आता अडचण अशी की मॉडेल म्हणते खड्डे राहू देत, एजन्सीवाले मला समोर उभं करून बघणारच आहेत, फोटोत एक आणि समोर एक असं नको. मेकअप आर्टिस्ट म्हणते एवढी स्किन दिसली तर माझं काम खराब दिसतं. मला दोघींचंही पटतंय आणि म्हणूनच अडकलेय.

सध्या मी फोटोशॉपमध्ये असं करते: रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने पिंपल्स काढते, मग फ्रिक्वेन्सी सेपरेशन (बारीक टेक्श्चर वरच्या हाय लेयरवर आणि रंग-सावल्या खालच्या लो लेयरवर वेगळ्या करणं), आणि खालच्या म्हणजे लो लेयरवर लॅसोने भाग निवडून गॉशियन ब्लर. झूम करून बघितलं की मस्त वाटतं, छिद्रं जागच्या जागी. पूर्ण फोटो बघितला की गाल सपाट, चेहऱ्याला हाडंच नाहीत असं काहीतरी, आणि गंमत म्हणजे खड्डे तरीही थोडे दिसतातच. रेडियस कमीजास्त करून बघितला, फरक पडतो पण हवा तो नाही.

याच्याच जोडीला अजून एक. पन्नाशी ओलांडलेल्या एका काकूंची पोर्ट्रेट्स आहेत, त्यांनी स्वतः सांगितलंय की सुरकुत्या काढून टाक. सगळ्या काढल्या तर त्या काकू राहत नाहीत, आणि नाही काढल्या तर त्यांचं ऐकलं नाही असं होतं. तर थांबायचं कुठे हे तुम्ही कसं ठरवता, मॉडेलसाठी वेगळं आणि साध्या पोर्ट्रेटसाठी वेगळं माप असतं का, आणि तंत्रात माझं काय चुकतंय, हे कोणी नीट समजावून सांगेल का? एका क्लिकमध्ये स्किन गुळगुळीत करणारी प्लगिन्स प्लीज सुचवू नका, ती वापरून झालीत.

प्रतिसाद : प्रकाशवाट

ताई, तंत्राचं आधी सांगतो कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. खड्डा म्हणजे रंगाचा डाग नाही, तो उजेड-सावलीचा खेळ आहे, एका काठावर बारीक हायलाइट आणि दुसऱ्या काठावर बारीक सावली. लो लेयर ब्लर केला की त्या सावल्या आजूबाजूला पसरतात, पण त्याच लेयरमध्ये गालाच्या हाडाचा उतार, नाकाची बाजू, जबड्याखालची सावली हे सगळंही असतं, ते पण सोबत पुसलं जातं. म्हणून गाल सपाट झाले. आणि खड्ड्याची जी धारदार कड आहे ती वरच्या हाय लेयरमध्ये तशीच बसलेली असते, म्हणून तो तरीही दिसतो. हार्ड लाइटच्या फोटोत तर हे जास्तच होतं, कारण लॅसोचं सिलेक्शन उजेडातून सावलीत गेलं की दोन्हीचं मिश्रण होऊन राखाडी पट्टा तयार होतो.

खड्ड्यांना डॉज अँड बर्नच लागतं, म्हणजे हवं तिथे थोडं उजळ आणि थोडं गडद करणं. दोन कर्व्ह्ज लेयर घ्या, एक थोडा उजळ, एक थोडा गडद, दोन्हीचे मास्क काळे करा (म्हणजे परिणाम झाकला जातो, पांढरं रंगवाल तिथेच दिसतो) आणि मऊ ब्रश, फ्लो अगदी २-३% ठेवून पांढऱ्याने हळूहळू रंगवा. गडद कड किंचित उजळ करायची, चमकणारी कड किंचित दाबायची, बस. ह्यात टेक्श्चरला हातच लागत नाही, त्यामुळे प्लास्टिक दिसण्याचा प्रश्न येत नाही. वेळ लागतो हे खरं, पण सगळा चेहरा करायचाच नसतो. वर एक मदतीचा ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाका आणि त्यात रेड खाली ओढा, कुठे काम आहे ते लख्ख दिसेल. त्वचेचे डाग ब्लू चॅनलमध्ये सगळ्यात जास्त आणि रेडमध्ये सगळ्यात कमी दिसतात, त्यामुळे रेड खाली गेला की लपलेलं सगळं वर येतं. पण हा लेयर चालू ठेवून तासभर काम करू नका हां, तिथे जे राक्षसासारखं दिसतं ते खऱ्या फोटोत कोणाला दिसतही नाही. अधूनमधून बंद करून बघत राहा.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन टाकून देऊ नका, लालसर चट्टे आणि रंगाचा असमतोल यासाठी ते चांगलंच आहे. रेडियसचा एकच आकडा नसतो, फोटोत चेहरा किती पिक्सेलचा आहे त्यावर ठरतो. छिद्रं जेमतेम दिसेनाशी होतील तिथे थांबायचं, गालाचा आकार विरघळायला लागला म्हणजे पुढे गेलात. अजून एक तपासा, हे दोन लेयर वेगळे करताना १६ बिट फाइल असेल तर अप्लाय इमेजमध्ये ॲड, इन्व्हर्ट टिक, स्केल २, ऑफसेट ०. ८ बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. ब्लेंड दोन्हीकडे लिनिअर लाइट. हे उलटसुलट झालं की पहिल्यापासूनच फोटो बदललेला असतो.

किती, याचं माझं उत्तर असं की स्क्रीनवर पूर्ण चेहरा दिसेल एवढ्याच झूमवर निर्णय घ्यायचा. १००% ला काम करा, पण ठरवायचं लांबून. सगळं झाल्यावर रिटचचे लेयर एका ग्रुपमध्ये टाका, ओपॅसिटी शून्यावर नेऊन वर आणत जा आणि खड्ड्यांवरून नजर सरकून डोळ्यांकडे गेली की तिथे सोडा. माझी बहुतेक वेळा ६०-७० च्या आसपास थांबते.

प्रतिसाद : रंगरेषा

मी मेकअपच्या बाजूने बोलते, कारण इथे तिच्या तोंडून कोणी बोलत नाहीये. तुमची मेकअप आर्टिस्ट खड्डे नकोत म्हणतेय असं वरवर दिसतं, पण मला वाटतं तिला खुपतंय ते दुसरंच. हार्ड लाइटमध्ये खड्ड्याच्या काठाला साचलेलं फाउंडेशन दिसतं, नाकाच्या बाजूला पावडर कोरडी पडलेली दिसते, केसांच्या रेषेपाशी बेस संपल्याची कड दिसते, गालावरच्या बारीक लवेवर पावडर बसलेली दिसते. हे सगळं मेकअपचं आहे, त्वचेचं नाही. ते बिनधास्त साफ करा, मॉडेलचीही त्याला हरकत असणार नाही कारण तिचा चेहरा त्याने बदलत नाही. लिपस्टिकची कड, आयलायनरचा तुटलेला टोकाचा भाग, पापणीच्या घडीत जमलेली आयशॅडो, एवढं स्वच्छ झालं की मेकअप नीट दिसतो, स्किन कितीही खरी असो. तिला एकदा फोटो समोर ठेवून विचारा की नक्की कुठे खटकतंय, बोटाने दाखव म्हणावं. आणि ब्यूटी क्लोजअप म्हणून तिला सॉफ्टबॉक्सचा सेट द्या ना, हार्ड लाइटचा सेट मॉडेलच्या पोर्टफोलिओला. एकाच फोटोने तिघींची गरज भागली पाहिजे असं कुठे आहे?

तीळ ठेवा. तो काढला तर पुढच्या शूटला तिला दुसऱ्याच कोणीतरी बोलावल्यासारखं होईल.

प्रतिसाद : कॅमेराबंद

दोघांनाही +१. माझा नियम जुनाच आहे, बरेच जण वापरतात: पंधरवड्यात आपोआप जाणार असेल ते काढायचं, कायमचं असेल ते त्या माणसाला विचारल्याशिवाय काढायचं नाही. पिंपल, ओरखडा, चष्म्याचे वळ गेले. तीळ, व्रण, फ्रेकल्स, खड्डे त्याच्या मालकीचे. तुमच्या मॉडेलने स्वतःहून सांगितलंय राहू दे, मग ती बाजू माझ्या मते निकालात निघाली. तिचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे, एजन्सीवाले साधे, जवळजवळ बिनमेकअपचे फोटो, म्हणजे डिजिटल्स, रिटच न करता मागतात ते ह्याचसाठी.

मॉडेल फोटो जाहिरातीत जाणार असतील तर देशोदेशीचे नियमही माहीत असू द्या. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटो रिटच केलाय असं लिहावं लागतं, त्याच महिन्यापासून फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेस कंपनीने तसे फोटो घेणं बंद केलं. पण हे दोन्ही शरीराच्या आकाराबद्दल. नॉर्वेचा जुलै २०२२ पासूनचा नियम पुढे जातो, त्यात आकारासोबत त्वचा बदलली तरी जाहिरातीवर लेबल लागतं. आणि ब्रिटनमध्ये २०११ साली लॉरियालच्या दोन फाउंडेशनच्या जाहिराती मागे घ्यायला लावल्या होत्या, कारण दिसणारा परिणाम प्रॉडक्टचा आहे, रिटचचा नाही, हे कंपनीला दाखवता आलं नाही. म्हणजे स्किनशी संबंधित वस्तू विकायची असेल तिथे स्किनला हात लावताना दहादा विचार करावा.

काकूंचं वेगळं. त्यांनी सुरकुत्या काढ म्हटलं म्हणजे सगळ्या काढ असं क्वचितच असतं. बहुतेकांना डोळ्याखालचा थकवा आणि कपाळावरच्या आठ्या नको असतात, रागीट किंवा दमलेलं दिसतो म्हणून. डोळ्यांच्या कडेच्या हसण्याच्या रेषा ठेवा, हसू तसंच ठेवून रेषा काढल्या तर तोंड हसतंय आणि डोळे नाही असं विचित्र दिसतं. रेषा पुसायची नाही, खोली कमी करायची. वेगळ्या लेयरवर हीलिंगने पूर्ण काढा आणि मग ओपॅसिटी खाली आणून मूळ रेषा अर्ध्याहून जास्त परत येऊ द्या. डोळ्याखाली फक्त सावली उजळा, घडी राहू द्या. मान आणि हातही फ्रेममध्ये असतील तर तिकडे बघायला विसरू नका, चेहरा तिशीचा आणि हात पन्नाशीचे असा फोटो लगेच पकडला जातो. एक हलकं आणि एक जरा जास्त अशा दोन आवृत्त्या शेजारी शेजारी दाखवा, मूळ फोटो मागितला तरच. माझ्याकडे लोक बरेचदा हलकंच निवडतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. डॉज अँड बर्न एका गालावर करून बघितलं, हाड परत आलं! खड्डे आहेत पण आता ते आधी दिसत नाहीत, आधी तिचे डोळे दिसतात. मेकअप आर्टिस्टशी बोलले, रंगरेषा ताईंनी म्हटलं तसंच निघालं, तिने नाकाची बाजू आणि केसांची कडच दाखवली, खड्ड्यांचं नावही काढलं नाही. काकूंना दोन आवृत्त्या उद्या पाठवतेय.

एकच राहिलं, हार्ड लाइटच्या फोटोत मान चेहऱ्यापेक्षा बरीच लालसर दिसतेय, ती फाउंडेशनमुळे की लाइटमुळे कळत नाहीये. चेहऱ्याला मानेसारखं करायचं की मानेला चेहऱ्यासारखं?

प्रतिसाद : प्रकाशवाट

मानेवर फाउंडेशन लावलं नसेल तर ते मेकअपमुळेच. मानेला चेहऱ्याकडे आणा, ह्यू-सॅच्युरेशनमध्ये रेड निवडून ह्यू किंचित पिवळ्याकडे, सॅच्युरेशन थोडं कमी, आणि मास्क जबड्याच्या सावलीत मऊ संपवा. ल्युमिनॉसिटीला हात लावू नका, ती सावलीच तुमच्या जॉ-लाइनला धरून आहे.