मदत हवी आहे: फिरती पाळी, पणजीचं ऑफिस आणि 7 महिन्यांचं बाळ

राहणं फोंड्यात. आईचं ऑफिस पणजीला, 9:30 ते 5:30. बसचा वेळ धरून घराबाहेर 8:15 ते 6:45. बाबा कुंडईच्या कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते: 6–2, 2–10, 10–6. घरात आजी-आजोबा नाहीत. जवळचं पाळणाघर 6 ला बंद होतं. बाळ पेज खातं, पण बाटली तोंडात धरत नाही. आईची रजा तीन आठवड्यांत संपतेय. कसं बसवावं?

कुंडई-बाणस्तारी (टोपणनावाने उत्तर)
पाळीप्रमाणे सांभाळणाऱ्या बाईची वेळ बदलायच्या भानगडीत पडू नका. एका आठवड्यात सकाळी आणि पुढच्या आठवड्यात दुपारी येणारी बाई महिनाभरही टिकत नाही. पाळणाघर पूर्ण दिवसाचंच घ्या. 6–2 च्या आठवड्यात बाबा पावणेतीनला बाळाला घरी आणतील. पैसे पूर्ण दिवसाचे जातील, जाऊ देत.
10–6 चा आठवडा सगळ्यांना सोपा वाटतो, कारण बाबा दिवसभर घरी. रात्रभर जागलेल्या माणसाकडे रांगणारं बाळ देऊ नका. दुपारी 2 पर्यंत त्यांना झोपू द्या.
खरी अडचण 2–10 ची. 6 ते 6:45 बाळाजवळ कोणी नाही. एवढ्या पाऊण तासासाठी शेजारची काकी पगारावर ठरवा, किंवा आईने ऑफिसात 8:30 ते 4:30 मागून घ्यावं. मागणी लेखी द्या, तोंडी 'बघू' वर विसंबू नका.

तिस्क
बाटलीमागे लागू नका. 7 महिन्यांचं बाळ वाटी-चमच्याने पितं. घरात चांदीचं बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं भांडं) असेल तर तेही चालेल, दर वेळी उकळून.
आईचं काढलेलं दूध, आई बाहेर असताना ताशी 30 ते 45 मिली धरतात. तुमचे साडेदहा तास, मध्ये दोनदा पेज किंवा नाचणीचं सत्त्व. म्हणजे 100 मिलीचे तीन डबे आणि 60 चा एक राखीव. ऑफिसात साडेदहा आणि अडीचला दूध काढा, बर्फाच्या पिशव्यांसह थंड पिशवीत आणा. फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं, पण दारात ठेवू नका, तिथे सारखी ऊब लागते. बाहेर 4 तास म्हणतात ते 25 अंशांपर्यंतचं. मे महिन्यात आपल्याकडे तेवढा भरवसा नको. गरम पाण्याच्या भांड्यात कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे दूध कुठेकुठे चटका बसण्याइतकं तापतं. उष्टं दूध 2 तासांनी टाकून द्या. पावसात वीज गेली की फ्रिज उघडू नका. बंद राहिला तर साधारण 4 तास थंडावा धरतो. पेजेत वर्षापर्यंत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको.

धागाकर्ती
ऑफिसात 60 माणसं आहेत, बायका फक्त 11. पाळणाघर मागता येईल?

कुंडई-बाणस्तारी
हो. 50 किंवा जास्त कर्मचारी असले की कायद्याने पाळणाघर द्यावं लागतं, आणि ती मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची, फक्त बायकांची नव्हे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. शिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज कामातून दोन छोट्या सुट्ट्या. दूध काढायची वेळ त्यातच मागा.

तिस्क
घराजवळचं पाळणाघर आजच सुरू करा. पहिले तीन दिवस आईसकट एक तास, मग एकट्याने दोन, पुढच्या आठवड्यात जेवण आणि झोप तिथेच. ताप असलेलं बाळ ते घेणार नाहीत, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) तेही बंद. त्या दिवशी रजा कोणाची, हे कॅलेंडरवर पाळीच्या खालीच लिहा: 2–10 ला सकाळ बाबांची, 6–2 ला आईची.